एका वर्षाचा जमाखर्च

झाशीच्या मानिक चौकाजवळील राणीमहाल म्हटले की लढाई आठवते. प्रशासकाने मात्र त्याआधीचा एक जमाखर्च पाहावा. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. १८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले. किल्ला सोडून राणी लक्ष्मीबाई या वाड्यात राहावयास आल्या. दरमहा ५,००० रुपये तनखा ठरला. पण संस्थानचे जुने कर्जही त्यातूनच वळते करावे, असे ठरले. महसूल कंपनी सरकारच्या तिजोरीत आणि देणे विधवेच्या माथी! राणींनी हरकत घेतली, ती सर्वथा रास्त होती. ज्याने येणे घेतले, त्यानेच देणे फेडावे. कुटुंबनिवृत्तिवेतनातून वसुली लावणाऱ्या अधिकाऱ्याने सही करण्यापूर्वी आजही हे आठवावे.