पाठीचा भोपळा आणि हातातील फळी

काशीमीरा येथील आमच्या पालकांपैकी पुष्कळांनी पोहण्याचा पहिला धडा गावच्या विहिरीतच घेतला असेल. पाठीस वाळका भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका किंवा पत्र्याचा बंद डबा बांधावयाचा आणि मामांनी काठावरून ढकलून द्यावयाचे, अशी ती शाळा होती. आज त्यांची मुले तरणतलावावर जातात, आणि तेथे त्यांच्या हाती एक हलकी, न बुडणारी फळी दिली जाते. हिलाच किकबोर्ड म्हणतात. हे लाड कशासाठी, असे काही पालक आम्हांस विचारितात. त्यांस उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

भोपळा सबंध देहाचा भार वाही. त्यामुळे आपण तरतो की भोपळा तरतो, हे शिकणाऱ्यास उमगत नसे. फळी केवळ हातांस आधार देते. पायांचे काम पायांनीच करावे लागते. हात पुढे लांबवून ती धरावी, तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडावा, आणि पाय गुडघ्यातून न झाडता कमरेपासून हलवावेत. घोटे सैल असावेत. असे केले म्हणजे बुडू पाहणारे पाय वर येतात, देह आडवा होतो व पाण्याचा अडथळा कमी होतो. एका वेळी एकच गोष्ट शिकवावी, हे अध्यापनाचे तत्त्व येथे उत्तम साधते.

तथापि फळीचे दोषही सांगितले पाहिजेत. मान उंच काढून तिच्यावर छाती टेकली की कंबर खाली जाते. शिवाय फ्रीस्टाइल पोहण्यात पुढे नेणारे बहुतेक बळ हातांचे असते. ते फळी शिकवीत नाही. आणि ती जीवरक्षक साधन तर मुळीच नव्हे. हातातून ती केव्हाही निसटते.

एका विद्यार्थ्यास आम्ही फार दिवस फळी धरू दिली. ती काढून घेताच तो पायरीस बिलगला आणि रडू लागला. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. तेव्हापासून आम्ही पहिल्या आठवड्यापासूनच, छातीएवढ्या पाण्यात, मुलांस दहा वेळा पाय मारून क्षणभर फळी सोडावयास सांगतो.

आमच्या एका बाजूस वसईची खाडी, जवळच चेणे गावची नदी, पलीकडे उत्तनचा समुद्र. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रस्त्यांच्याही नद्या झाल्या होत्या. पुराच्या पाण्यात उत्तम पोहणाऱ्यानेही शिरू नये. परंतु पाण्यात सापडलेल्या मुलाजवळ ना भोपळा असतो, ना फळी. त्या वेळी घाबरून न जाता तरंगत राहणे, एवढीच विद्या त्याच्या कामी येते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, फळीस हसू नये आणि तिच्यावर विसंबूही नये. जो आधार हाती धरता येतो आणि वेळ येताच सोडताही येतो, तोच मुलास द्यावा.