वाड्यावर न जाण्यासाठी ठेवलेले पंधरा हजार

दोन वर्षांपूर्वी माझी फेलोशिप सलग सात महिने आली नाही. मग एका दुपारी, काहीही न कळवता, चार महिन्यांची रक्कम एकदम खात्यावर जमा झाली. महिना ३७ हजारांप्रमाणे १ लाख ४८ हजार. उरलेल्या तीन महिन्यांचं काय, हे सांगायला कोणी नव्हतं. एवढी रक्कम माझ्या खात्यावर एकाच वेळी कधी दिसली नव्हती. घरात तर कोणाच्याच नाही.

त्याच आठवड्यात मी हैदराबादहून नांदेडची गाडी धरून गावी गेले आणि आईबाबांना समोर बसवून वही उघडली. कोणाचं किती देणं आहे ते लिहायचं ठरवलं होतं. आई म्हणाली, "एवढं काय लिहायलीस गं? तोंडपाठ हाय की समदं." खरंच तिला तोंडपाठ होतं. बाबांच्या मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी वाड्यावरून घेतलेले ६० हजार, शेकडा तीननं. आईच्या गटाच्या कर्जाचे राहिलेले २८ हजार. माझ्या मैत्रिणींचे ३२ हजार. मेसची बाकी ९ हजार. बेरीज १ लाख २९ हजार झाली. मी रेघ मारणार, तेवढ्यात बाबा खाली बघत म्हणाले, "आन आठरा ठेकेदाराचे." ही उचल त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. भावाच्या ॲडमिशनच्या वेळची होती. त्या बदल्यात ते चार महिने सुट्टी न घेता कामावर जात होते, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

एकूण देणं १ लाख ४७ हजार, हातात १ लाख ४८ हजार. बाबांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांनी समाधान पाहिलं. "सगळ्यांचं देऊन टाक, मोकळे होऊ," ते म्हणाले. मी नाही म्हणाले. भावाची २२ हजारांची फी पुढच्या महिन्यात भरायची होती आणि पुढची फेलोशिप कधी येईल याचा भरवसा नव्हता. सगळं देऊन एक हजार रुपये हातात ठेवले असते, तर महिन्याभरात आम्ही पुन्हा त्याच दारात उभे राहिलो असतो.

म्हणून वाटणी अशी केली. वाड्याचे ६० हजार, ठेकेदाराचे १८ हजार आणि मेसचे ९ हजार पूर्ण फेडले. मैत्रिणींना निम्मे, १६ हजार दिले आणि उरलेले चार महिन्यांत देते असं सांगितलं. गटाचं कर्ज हप्त्यानं चालू ठेवलं. फीचे २२ हजार वेगळे काढले. महिना काढायला ८ हजार ठेवले. उरलेले १५ हजार एका वेगळ्या बचत खात्यात टाकले, ज्याचं एटीएम कार्ड मी गावीच ठेवून आले.

या पंधरा हजारांवरून घरात दोन दिवस अबोला होता. बाबांचं म्हणणं सरळ होतं. लोकांचं देणं असताना पैसा बाजूला ठेवणं ही चोरी. आपल्या वस्त्यांमध्ये हे मूल्य खोल रुजलेलं आहे आणि मी ते हलकं लेखत नाही. आपल्याकडे तारण ठेवायला जमीन नसते, शब्द असतो. पण याच मूल्याचा फायदा घेणारे आपल्याला पिढ्यानपिढ्या बांधून ठेवत आले, हेही तितकंच खरं आहे.

माझे आजोबा सालगडी होते. सालाची उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्या शेतावरून हलायचं नाही. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली आला, पण उचल हा शब्द ऊसतोडीच्या मुकादमाकडे, वीटभट्टीवर आणि बाबांच्या ठेकेदाराकडे आजही जिवंत आहे. समाजशास्त्राच्या वर्गात आपण जातीची व्याख्या श्रमविभागणी, विवाह आणि शुद्धी-अशुद्धी यांतून शिकतो. माझ्या घरात ती कर्जाच्या रूपानं यायची. वाड्याचं शेकडा तीन म्हणजे महिन्याला १८०० रुपये. आईनं चौदा महिने नुसतं व्याज भरलं. २५,२०० रुपये गेले आणि मुद्दल तिथंच राहिलं. पण खरं व्याज रुपयांत मोजता येत नव्हतं. वाड्यावर लग्न असलं की आईनं आधी दोन दिवस झाडलोट करायला जायचं. मजुरी मागायची नाही, कारण "आपलं त्यांच्याकडं हाय". भावानं गावातल्या मिरवणुकीत पुढं राहू नये, असा निरोपही याच नात्यानं आला होता.

ही गोष्ट आमच्या एकट्या घराची नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातली ३५ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि ग्रामीण कर्जाचा सुमारे एक तृतीयांश भाग बँका वा इतर संस्थांच्या बाहेरून घेतलेला होता. शहरात हे प्रमाण १३ टक्के होतं. संस्थेबाहेर घेतलेल्या कर्जाला कागद नसतो, मुदत नसते आणि देणाऱ्याची जात घेणाऱ्याला पक्की माहीत असते.

म्हणूनच बजेट हा विषय मला 'पर्सनल फायनान्स'च्या व्हिडिओंवर सोडून द्यावासा वाटत नाही. तिथं सांगतात की पगाराचा निम्मा भाग गरजांवर, ३० टक्के हौसेवर आणि २० टक्के बचतीवर. या सूत्रात पगार एका माणसाचा असतो. पहिल्या पिढीच्या पदवीधराचा पगार एकट्याचा नसतो. त्यात आईची औषधं असतात, भावाची फी, मावशीच्या मुलीचं लग्न, वस्तीतल्या जयंतीची वर्गणी आणि गावात बांधायचा राहिलेला स्लॅब असतो. ही सगळी 'उधळपट्टी' आहे असं मानणारा सल्ला आपल्या कामाचा नाही. मी शिकले ती याच लोकांच्या पैशावर.

माझ्या बजेटची पहिली ओळ म्हणूनच 'घरी' अशी आहे. फेलोशिप नियमित आली, तर ३७ हजारांतले १२ हजार घरी जातात. पहिल्या चार महिन्यांत मैत्रिणींचे ४ हजार, गटाचा हप्ता २ हजार, भावाला ३ हजार, हॉस्टेल-मेस साडेपाच हजार, फिल्डवर्क, प्रवास आणि पुस्तकं साडेचार हजार, फोन आणि किरकोळ एक हजार, अडीनडीच्या खात्यात ३ हजार आणि दोन हजार माझे, ज्यांचा हिशेब मी स्वतःलाही मागत नाही. फरक इतकाच की घरी जाणारी रक्कम आता ठरलेली आहे. पूर्वी फोन येईल तसा पैसा जायचा. महिनाअखेर मी मैत्रिणीकडे हात पसरायचे आणि घरच्यांना वाटायचं, पोरगीकडं बक्कळ आहे.

या वहीतून मी जे शिकले, ते थोडक्यात मांडते. कोणाला उपयोग झाला तर बरं.

पहिलं, 'शेकडा तीन' हे वर्षाला ३६ टक्के असतात आणि 'शेकडा पाच' म्हणजे ६०. वहीत वर्षाचा दर लिहा. कोणतं कर्ज आधी संपवायचं, ते आपोआप कळतं. फक्त, ज्या कर्जासोबत वेठ येते ते दर कमी असला तरी वर घ्या. ठेकेदाराच्या उचलीला व्याज नव्हतं, तरी मी ती पहिल्याच दिवशी फेडली, ती बाबांच्या सुट्टीसाठी.

दुसरं, कर्ज पूर्ण फिटण्याची वाट न बघता थोडा पैसा बाजूला ठेवा. पाच हजार असले तरी चालतील. आजारपण आपल्या परतफेडीच्या वेळापत्रकाला थांबत नाही. कर्ज संपलं की हा पैसा तीन महिन्यांच्या खर्चाइतका वाढवा. फेलोशिपवर वा कंत्राटी नोकरीवर असाल, तर सहा महिन्यांचं लक्ष्य ठेवा. अडीनडी म्हणजे काय, तेही आधीच लिहून ठेवा. आमच्या वहीत दवाखाना, फी, थांबलेलं उत्पन्न आणि मयत, एवढ्या चारच गोष्टी आहेत.

तिसरं, हा पैसा बँकेत वा पोस्टात असू द्या. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. आपल्या भागात गल्लोगल्ली असलेल्या पतसंस्थांना हे संरक्षण नाही, मग व्याज कितीही जास्त असो. बँक खात्यातूनच वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. मी दोन्ही आईबाबांच्या वयाची अट तपासून सुरू केले.

चौथं, जामीनदार राहू नका. पगाराची स्लिप हातात आली की नात्यातले सहीसाठी येतात. जमेल तेवढे पैसे परत न मिळण्याच्या तयारीनं द्या, पण दुसऱ्याच्या कर्जावर सही करू नका. आईच्या गटात मी पाहिलं आहे. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका तिच्या दारात जाऊन बसतात. कंपनीला वसुलीचा माणूसही पाठवावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे आईच्या गटात कोणालाच माहीत नव्हतं.

आता एक अडचणीची गोष्ट. आपल्या घरांत बचतीचा विषय निघाला की रमाईचं उदाहरण येतंच. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढ्यावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. त्या काळात मुंबईत घर रमाईनं चालवलं. आपण तिच्या त्यागाची गाणी गातो. पण तुटपुंज्या पैशात घर चालवणं हे डोक्याचं काम आहे, हिशेबाचं काम आहे, हे कुठं म्हणतो? आणि तोच त्याग आपण आपल्या आयांकडून, बहिणींकडून गृहीत धरतो. माझ्या घरात काटकसर म्हणजे आईनं एक वेळ कमी जेवणं असा अर्थ होता. म्हणून वहीत 'आई' अशी वेगळी ओळ आहे, महिना ५०० रुपये, घरच्या १२ हजारांतून. त्यातून घरखर्च करायचा नाही, असा नियम आहे. ती तो मोडते, पण आता लपवून मोडावा लागतो.

हेही स्पष्ट सांगते की वहीनं फेलोशिप वेळेवर येत नाही. संशोधक विद्यार्थ्याला सात महिने पैसे न देणारी व्यवस्था जाणते की ज्याच्या घरी मागे काही आहे तो टिकेल आणि ज्याच्या घरी नाही तो गळेल. त्याविरुद्ध अर्ज, आंदोलन, कोर्ट हे सगळं करायलाच हवं, आणि मीही निवेदनावर सह्या करत फिरले आहे. पण एक गोष्ट लक्षात आली. उपोषणाला जे शेवटपर्यंत बसू शकले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे महिना-दोन महिने पुरेल एवढं काहीतरी होतं. माझ्यासारखे काही जण शिकवण्या घ्यायला उठून गेले.

त्या वाटणीनंतर तीन महिन्यांनी फेलोशिप पुन्हा थांबली, दोन महिने. त्यातच आई न्हाणीत घसरली आणि मनगट मोडलं. खात्यात तोपर्यंत २४ हजार झाले होते. प्लास्टर, एक्स-रे, औषधं आणि तिची बुडालेली मजुरी धरून ११ हजार गेले. बाबांनी गावातल्या घरातून कार्ड घेतलं, तालुक्याला जाऊन स्वतः पैसे काढले आणि रात्री मला फोन केला. पैशांबद्दल काही बोलले नाहीत. आईचा हात, पाऊस, भावाची परीक्षा असं बोलणं झालं. फोन ठेवताना म्हणाले, "वहीत लिहून ठेव, आकरा."

मी लिहून ठेवले. पुढच्या चार महिन्यांत ते ११ हजार पुन्हा भरले. वाड्यावर पुढचं लग्न झालं तेव्हा झाडायला बोलावणं आलं. आईनं मजुरी किती देणार ते विचारलं.

जय भीम.