रांगतें मूल आणि थोरल्यांचीं खेळणीं

रांगूं लागलेलें मूल जगाची पहिली ओळख मुखानें करून घेतें. यशोदेस कृष्णाच्या मुखांत विश्वरूप दिसलें. आपल्या घरांतील मातेस तेथें बहुधा सदऱ्याचें बटण, चिंचोका किंवा थोरल्याच्या मोटारीचें चाक सांपडतें. वेळीं सांपडलें तर गोष्ट हंसण्यावारी जाते. तेंच श्वासनलिकेच्या तोंडाशीं जाऊन बसलें, तर कांहीं मिनिटांत अनर्थ ओढवतो.

या बाबतींत सरकारी नियम आहेत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचें आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा सुटा होणारा कोणताहि भाग एका ठराविक नळकांड्यांत पूर्णपणें मावतां कामा नये, अशी कसोटी आहे. त्या नळकांड्याचें तोंड सुमारें ३२ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेंसेंच रुंद असतें. गोल वस्तूस हेंहि माप पुरत नाहीं. कारण ती घशांत चपखल बसून श्वासाची वाट सर्वस्वीं बंद करिते. म्हणून अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें या वयाच्या मुलांच्या चेंडूस सुमारें ४४ मिलिमीटरची किमान मर्यादा घातली. टेबलटेनिसचा चेंडू अवघा ४० मिलिमीटरचा असतो, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु कायदा दुकानांतलें खेळणें तपासतो, घर तपासीत नाहीं. ‘तीन वर्षांवरील मुलांसाठीं’ असें डब्यावर छापणाऱ्यास एकच मूल दिसत असतें. एकत्र कुटुंबांत मात्र दादाचे ठोकळे, ताईचे मणी, आजीच्या सारीपाटाच्या कवड्या आणि दहा महिन्यांचें बाळ हीं सारीं एकाच सतरंजीवर नांदतात. शिवाय माणसें पुष्कळ असलीं, कीं बाळाकडे दुसरें कोणी पाहत असेल असें प्रत्येकासच वाटतें.

यास्तव आमची सूचना अशी, कीं बाळ खालीं सोडतांना ‘आतां याच्याकडे अमक्यानें पाहावें’ असें नांव घेऊन सांगावें. थोरल्यांचीं बारीक खेळणीं उंच मेजावर मांडावीं व खेळ संपतांच मोजून डब्यांत भरावीं. हें मोजण्याचें काम थोरल्या मुलाकडेच द्यावें. विश्वास टाकिल्यास मुलें तो निष्ठेनें सांभाळतात. फुटक्या फुग्याचे तुकडे तत्काळ उचलावे. बटणाएवढी बॅटरी तर दृष्टीसहि पडूं देऊं नये. ती अन्ननलिकेंत अडकल्यास दोन तासांत आंतून भाजते. संशय येतांच रुग्णालय गांठावें.

घशांत कांहीं अडकलें असतां पाणी पाजणें, केळें किंवा भाताचा घांस भरविणें, पाय धरून उलटें टांगणें, वस्तु दिसत नसतां बोट फिरविणें, हे सर्व उपाय टाळावे. मूल मोठ्यानें खोकत असेल, तर खोकूं द्यावें. आवाजच फुटत नसेल, तर एका वर्षाच्या आंतील बाळास हातावर पालथें, डोकें खालीं ठेवून घ्यावें आणि दोन्ही खांद्यांच्या मध्यें तळहातानें पांच थापा माराव्या. मग उताणें करून छातीच्या मध्यभागीं पांच दाब द्यावे. वस्तु निघेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. वर्षावरील मुलास थापांनंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आंत व वरच्या दिशेनें पांच झटके द्यावे. तोंवर दुसऱ्यानें १०८ वर दूरध्वनि करावा.

हा क्रम आजी-आजोबांसह घरांतील प्रत्येकानें जाणत्याकडून आधींच शिकून ठेवावा. प्रसंग आल्यावर पुस्तक उघडण्यास अवकाश नसतो.