पुन्हा सुईत दोरा

साठी ओलांडल्यावर पुन्हा दागिने गाठवायला, रंग कालवायला बसलेल्या बायकांचा हा अंक. ‘वेळ जायला काहीतरी’ असं त्यांच्या कामाला आम्ही म्हणणार नाही. ठुशी गाठवून पाहा; मण्यांची ओळ जरा सैल पडली तरी ती गळ्यालगत बसत नाही, आणि चाळिशी लावूनही बारीक मण्याचं भोक चटकन सापडत नाही. इंग्लंडच्या मेरी डिलेनीबाईंनी १७७२च्या सुमारास, सत्तरी उलटल्यावर, रंगीत कागद कातरून फुलं चिकटवायला घेतली. (शिंपल्यांच्या कामात, भरतकामात मुरलेला हात तो!) नजर अधू होईपर्यंत जवळपास हजार चित्रं झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमची तक्रार एकच: तोंडभर कौतुक करणारे किंमत ठरवताना मजुरी धरत नाहीत.