एका केबलवरचा संसार

शुक्रवारी जुन्या ऑफिसात लॅपटॉप जमा केला. नवी नोकरी पुढच्या महिन्यात. मधल्या काळात पगार नाही, पण घराचा ईएमआय पाच तारखेला अगदी शिस्तीत येणार! म्हणून ओळखीतून एक फ्रीलान्स काम घेतलं. दोनशे व्हेंडर्सची बिलं एक्सेलमध्ये लावायची आणि सोमवारी सकाळी दहापर्यंत मेल करायची. ऐटीत 'हो' म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आपल्या घरात कॉम्प्युटरच नाहीये.

टॅब मात्र होता. शिवाय २०२० च्या वर्क फ्रॉम होममध्ये घेतलेला चोवीस इंची मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस. मग काय, एक डॉक आणायचा, टॅब त्याला लावायचा, झाला डेस्कटॉप! कल्पना तशी जुनीच. १९९२ मध्ये ॲपलने ड्युओ डॉक काढला होता. व्हीसीआरमध्ये कॅसेट ढकलावी तसा त्यात अख्खा लॅपटॉप आत जायचा. माझा डॉक साबणाच्या वडीएवढा. शनिवारी सकाळी लॅमिंग्टन रोडवरून आणला, अठराशे रुपयांना. 'टाइप-सी है ना? चलेगा मॅडम!' इति दुकानदार.

घरी आले, जोडलं. कीबोर्ड चालला, माउस चालला, पेनड्राइव्हसुद्धा दिसला. मॉनिटर काळा ठिक्कर! केबल बदलली, उलटी लावली, टॅब तीनदा बंद-चालू केला. आईने तर 'उदबत्ती लावू का?' म्हणून विचारलं.

दोष डॉकचा नव्हताच, माझ्या टॅबचा होता. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार आहे हो! आतून काय वाहतं ते प्रत्येक मशीनचं वेगळं. चित्र बाहेर यायला टॅबमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय लागते, आणि स्वस्तातल्या बऱ्याच टॅबमध्ये ती दिलेलीच नसते. डॉक घेण्याआधी टॅबच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे दोन शब्द शोधायचे, बस्स. मी शोधले शनिवारी रात्री अकरा वाजता.

रविवारी सकाळी धाकट्या भावाला फोन. त्याच्याकडे सॅमसंगचा एस सिरीजचा टॅब आहे, तो त्यावर चित्रं काढतो. 'ताई, संध्याकाळी परत पाहिजे हं,' एवढ्या अटीवर मिळाला. डॉकला लावला मात्र, मॉनिटर उजळला! खाली टास्कबार, वेगवेगळ्या खिडक्या, एकीकडे एक्सेल, एकीकडे बिलांचे पीडीएफ. याला म्हणतात डेक्स. सॅमसंगने ते २०१७ मध्ये फोनवर आणलं आणि २०१८ मध्ये टॅबवर. आयपॅडवाल्यांनी हुरळून जाऊ नये. साध्या आयपॅडचा मॉनिटर म्हणजे नुसता आरसा. टॅबवर जे दिसतं तेच तिकडे, वर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मॉनिटरवर वेगळ्या खिडक्या मांडायच्या तर एम सिरीजची चिपवाला आयपॅड हवा.

दुपारपर्यंत दीडशे बिलं झाली. मध्येच टॅबची बॅटरी खाली यायला लागली, कारण डॉक आपलं जेवणही टॅबकडूनच घेत होता. चार्जर टॅबला नाही, डॉकला लावायचा, मग त्याच एका केबलमधून टॅबही चार्ज होतो. (डॉकवर 'पीडी' लिहिलेलं भोक त्यासाठीच. नसेल तर तो डॉक घेऊच नका.) आणि फोरके मॉनिटर असेल तर डॉक साठ हर्ट्झचा आहे का तेही विचारा. तीसवर माउस दारू प्यायल्यासारखा मागून मागून येतो. माझा मॉनिटर साधा फुल एचडी, मी सुटले.

चार वाजता दोनशेवं बिल. शीटमध्ये क्लायंटने एक बटण ठेवलं होतं, ते दाबलं की व्हेंडरप्रमाणे बेरजा तयार होणार. दाबलं. ढिम्म! पुन्हा दाबलं. तेव्हा ट्यूब पेटली की हा मॅक्रो आहे, आणि एक्सेलचे मॅक्रो अँड्रॉइडवर चालत नाहीत. आयपॅडवरही नाहीत, ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही नाहीत. मॉनिटर चोवीस इंची असो नाहीतर भिंतीएवढा, आत ॲप टॅबचंच ना!

पोटात गोळा आला. ईएमआयचा आकडा डोळ्यांपुढे. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन समोरच्या काकूंचं दार वाजवलं. त्यांच्या मुलाचा गेमिंग पीसी, कीबोर्डला नवरात्रासारखी रोषणाई. 'मावशी, पाच मिनिटं हं, माझी मॅच आहे,' म्हणाला. तीन मिनिटांत बेरजा झाल्या. लगेच मेल टाकला, वेळ संध्याकाळी सहा दहा. सोमवार तर सोडाच, रविवारीच!

घरी आले तर भाऊ दारात उभा. मी केबल उपसली, टॅब त्याच्या हातात दिला. तो गेला. टेबलावर कीबोर्ड, माउस, अठराशेचा डॉक, आणि मॉनिटरवर इकडून तिकडे तरंगणारी पाटी... 'नो सिग्नल'.

आई म्हणाली, 'आता हे उचल, कपडे घडी करायचेत.'