सरासरीने गोवर थांबत नाही

साथीच्या गणिताचा आपल्या मुंबईशी जुना संबंध आहे. केरमॅक व मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली आपले समीकरण ताडून पाहिले, ते तिथल्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांवर. त्याच पद्धतीच्या हिशेबाने गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के लोकांना लसीचे संरक्षण हवे. पण हा हिशेब सगळे सारखे मिसळतात असे धरतो. प्रत्यक्षात लस न घेतलेले एकाच वस्तीत, एकाच शाळेत गोळा होतात. टेक्सासमध्ये २०२५ साली तसेच झाले: ७६२ रुग्ण, दोन मुले दगावली. म्हणून धोरण राज्याच्या सरासरीवर नव्हे, शाळावार आकड्यांवर ठरावे असे माझे मत आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला एरवी ही लस देत नाहीत. त्याची भिस्त थोरल्या भावंडाच्या वर्गावर. तेव्हा प्रवेश घेताना शाळेला हा आकडा जरूर विचारा.