पालथी होडी सुलटी करण्याचा धडा

जानेवारी महिन्यातील एका रविवारी नातीच्या आग्रहास्तव आम्ही उभयता गोव्यात दोनापावलाजवळच्या हवाई बीचवर गेलो होतो. गोवा यॉटिंग असोसिएशनच्या छोट्या शिडाच्या होड्या येथूनच पाण्यात उतरतात. संकेश्वर, आजरा, आंबोली असा घाटरस्ता उतरून आलेल्या आम्हा दोघांचा शिडाशी असलेला संबंध चित्रापुरताच. त्यामुळे सकाळी साडेदहापर्यंत आम्ही वाळूवर बसून कंटाळत होतो. मुले होड्या पुसत होती, दोऱ्या ओवत होती. वारा नव्हता. समोर झुवारीचे मुख आणि पलीकडे मुरगाव बंदर उन्हात स्तब्ध दिसत होते. अकराच्या पुढे समुद्रावरून झुळूक सुरू झाली आणि सारा किनारा एकाएकी जागा झाला.

नातीची होडी 'ऑप्टिमिस्ट' जातीची. लांबी जेमतेम २.३ मीटर, एक शीड, एक सुकाणू आणि एकच नाविक, तोही पंधरा वर्षांच्या आतला. १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स नावाच्या होडीबांधणाऱ्याने सामान्य घरातील मुलांना परवडावी म्हणून ती प्लायवूडमध्ये बनविली. आज जगातील असंख्य मुले शीड धरायला हिच्यावरच शिकतात. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वारा घेत नागमोडी वर चढते. काठावरून पाहणाऱ्या नवख्याला वाटते, मुले भरकटली. वस्तुतः जे सर्वांत भरकटलेले वाटते, तेच कधी कधी बोयाला पहिला वळसा घालते.

दुसऱ्या शर्यतीत एका मुलाची होडी दुसऱ्याच्या होडीला घासली. पंच बराच दूर होता. त्या मुलाने आपली होडी जागच्या जागी दोनदा पूर्ण गरकन फिरविली आणि मगच तो पुढे निघाला. नियमभंगाची ही शिक्षा ज्याची त्यानेच घ्यायची असते, असे नातीने नंतर सांगितले. त्या दोन गिरक्यांत त्याचे चार क्रमांक गेले. (आपल्याकडील क्रिकेटच्या पंचांना हे दाखवायला हवे, असा विचार मनात आलाच.)

परंतु मी लेखणी हाती घेतली ती याकरिता नव्हे. तिसऱ्या शर्यतीत वारा वाढला आणि आमच्या डोळ्यांदेखत नातीची होडी पालथी झाली. सौभाग्यवती उठून उभ्या राहिल्या. मी, इतक्या वर्षांच्या व्यवसायाचा डॉक्टर, नुसता बघत राहिलो. मुलगी पाण्याबाहेर आली, होडीच्या पोटातून वर आलेल्या फळीवर लोंबकळली, अंगाच्या भाराने तिने होडी सुलटी केली, आत चढली आणि दोरीने बांधलेल्या डब्याने पाणी उपसू लागली. सुरक्षा-नौका वीस हातांवर उभी होती. तिच्यातील तरुण फक्त पाहत होता आणि हात लावत नव्हता. 'तुला भीती नाही वाटली?' असे संध्याकाळी विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'आजोबा, पहिल्या दिवशी आम्हाला हेच शिकवतात. मुद्दाम पालथी करायला लावतात.'

हे वाक्य मी सदलग्याला परत आणले आहे.

आपले गाव दूधगंगेच्या काठी. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत दूधगंगा-कृष्णेच्या काठावर काय झाले, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. शेतात विहिरी, पलीकडे कालवे, घाटावर कपडे धुणाऱ्या आयाबाया. पाण्यापासून सुटका नाही. आणि एवढ्या पाण्यात राहून आपण आपल्या मुलांना काय शिकविले? 'नदीकडे फिरकू नकोस', एवढेच. माझ्या पिढीतील मुलगे पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलले जात आणि नाकातोंडात पाणी जाऊन का होईना, पोहायला शिकत. मुलींचा प्रश्नच उद्भवत नसे. आज डबाही गेला आणि विहीरही. 'फिरकू नकोस' मात्र उरले.

एका पावसाळ्याच्या तोंडाशी बारा वर्षांचा एक मुलगा माझ्या दवाखान्यात आणला गेला. काठावरच्या लोकांनी आधी त्याचे पोट दाबले, मग पाय धरून त्याला गरगर फिरविले. पोटातील पाणी निघाले की माणूस वाचतो, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः बुडालेला मनुष्य प्राणवायूअभावी दगावतो. पोट दाबल्याने अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि मोलाची मिनिटे निघून जातात. तोंड मोकळे करून आधी कृत्रिम श्वास द्यावयाचा (युरोपीय पद्धतीत पहिले पाच श्वास), मग छातीवर दाब. त्या मुलाच्या बाबतीत करण्यासारखे माझ्याकडे काही उरले नव्हते. त्याच्या शाळेत काही महिन्यांपूर्वी आरोग्यावर व्याख्यान देताना नदीपासून दूर राहा, असे मीच बजावले होते. ती मुले ते ऐकून नदीवर गेलीच. माझ्या सांगण्यात पाण्यात पडल्यावर काय करावे याचा एक शब्द नव्हता.

२०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो. आपल्या देशात हा आकडा दरवर्षी तीस हजारांच्या वर असतो. मधुमेह तपासणीची शिबिरे आपण हौसेने घेतो आणि ती घ्यावीतच. पण या मृत्यूंना आपण आपले क्षेत्र मानत नाही. आपला संबंध येतो तो शवविच्छेदनाच्या वेळी.

एका स्नेह्यांनी माझी थट्टा केली : 'डॉक्टर, शिडाच्या होड्या हा साहेबांचा खेळ, आपल्याला समुद्र कुठला?' खेळ साहेबांनी आणला हे खरे. मात्र देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सतराव्या वर्षी तिने रौप्यपदक मिळविले. मध्य प्रदेशालाही समुद्र नाही. सांगलीकडे कृष्णेत वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा सारा काठ माणसांनी फुलतो. हौस आपल्याकडे आहे. हिडकलच्या जलाशयावर उद्या कोणी शीड उभारले तर मला आनंदच होईल, पण माझी मागणी त्याहून फार लहान आहे.

येत्या एप्रिलपासून पायऱ्यांच्या एखाद्या विहिरीवर आपल्या डॉक्टर मंडळींनी मुलांचा आणि मुलींचा पोहण्याचा वर्ग सुरू करावा. नदी नको, तेथे मगरींची शंका लोक काढतील आणि ती रास्तही आहे. आडवा दोर, दहा लाइफ जॅकेट, चांगले पोहणारी दोन माणसे आणि काठावर श्वास देता येणारा एक डॉक्टर. जॅकेटशिवाय कोणी उतरायचे नाही आणि उतरताना व वर येताना डोकी मोजायची. पहिल्या दिवशी मुलांना पाठीवर तरंगायला शिकवायचे आणि पालकांना कृत्रिम श्वास द्यायला. 'काही झाले तर जबाबदारी कोणाची?' हा प्रश्न सभेत येणार, हे मला ठाऊक आहे. माझी, असे लिहून द्यावयास मी तयार आहे. लाइफ जॅकेटांपैकी पाचांचा खर्च माझ्याकडे. सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेसहा ते आठ, या वेळी काठावर मी बसेन. उरलेल्या चार दिवसांसाठी नावे हवी आहेत.